पानथरीचा दाखला

आई अकोल्याच्या सरकारी मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून घर तिच्या नोकरीवर चाललं. मी सतरा वर्षांची होते तेव्हा तिला बारीक ताप येऊ लागला आणि पोट डाव्या अंगानं वाढू लागलं. हिवतापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली असेल म्हणून गावातल्या डॉक्टरांनी क्विनीन दिलं. ताप हटला नाही आणि पोट वाढतच गेलं. लुगडं कितीही सैल नेसलं तरी ते झाकेना.

विधवेचं पोट. आमच्या आळीत ते सगळ्यांनी पाहिलं. मी नळावर गेले की बायका बोलायच्या थांबत. एकीनं तर सरळ विचारलं, "तुह्या मायले कितवा मयना हाये वं?"

मी अर्धीच घागर घेऊन घरी आले. आईला ते माहीत होतंच.

शेवटी रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. ल्युकेमिया निघाला. रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर औषध नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. आईनं विचारलं, "वर्गावर उभी राहू शकेन?"

"फार दिवस नाही, बाई."

नोकरी सोडून पेन्शन घ्यायची तर कायमची नाकाम, म्हणजे कामाला असमर्थ, झाल्याचा दाखला हवा, आणि तो देणारं डॉक्टरांचं बोर्ड अमरावतीला बसे. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत आईला धाप लागली. पण बोर्डासमोर गेल्यावर ती ताठ उभी राहिली, प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. त्यांनी शेरा मारला : सहा महिने रजा घ्यावी, मग पाहू.

परतीच्या गाडीत मी चिडून म्हटलं, "जरा वाकून चालली असतीस तर काय झालं असतं?"

"नाई जमत मले तसं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. फार थकली की तिची शाळेतली शुद्ध भाषा सुटायची.

सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा वाकून चालण्याचा प्रश्नच उरला नव्हता. टांग्यातून तिला मी आणि तिथल्या चपराशानं धरून उतरवलं. "हळू, बाई. घाई कावून करता? सायेब कुठी जाऊन नाई राहिले," तो म्हणत होता.

या वेळचे डॉक्टर म्हातारे, मराठी बोलणारे होते. त्यांनी तिला झोपवून पोट चाचपलं. पानथरी बेंबीच्याही पुढे आली होती. मग ते टेबलाशी बसून फॉर्म भरू लागले आणि शेवटच्या ओळीशी अडखळले. नाकामपणा अनियमित किंवा व्यसनी राहणीमुळे आलेला नाही, अशी ती इंग्रजीत छापलेली ओळ होती.

"हे पुरुषांसाठी असतं," ते ओशाळून म्हणाले. "दारूबिरूचं. बाईमाणसाच्या कागदावर कशाला? खोडून टाकतो."

"खोडू नका," आई पडल्या पडल्याच म्हणाली.

"अं?"

"राहू द्या ती ओळ. आणि पोट कशानं वाढलं तेही लिहा. मराठीतसुद्धा लिहा, स्वच्छ अक्षरात."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली फरशीकडे बघत होते. ते लिहीत राहिले, बराच वेळ.

दाखल्याची एक नक्कल आम्हाला मिळाली. ती नळावर नेऊन सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावी असं मला वाटे. मी तसं म्हटलंही.

"काहून?" आई म्हणाली. "मले वाचता आलं, झालं."

नकलेची घडी तिनं पेटीत ठेवली आणि पुन्हा कधी काढली नाही. मीही ती कोणाला दाखवली नाही. तेवढी उमेद आम्हा दोघींतही उरली नव्हती.

पेन्शन मंजूर झाल्याचा कागद उन्हाळ्यात आला. त्यानंतर ती सहा-सात महिने होती. शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येई. सुरुवातीला ती घंटेसरशी उठून बसायची, पदर सारखा करायची, मग आठवण होऊन पुन्हा आडवी व्हायची. पुढे पुढे ती घंटा ऐकूनही पडून राहू लागली. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण ती उठबस थांबली याचं मला बरंच वाटलं.