बाभळीची फांदी आणि माझा निळा बाण

बीडहून मित्राची मोटारसायकल घेऊन सकाळी निघालो, तेव्हा सगळा जीव खिशातल्या फोनात होता. संग्रहालयात आलेल्या माणसाला दालनादालनांतून वाट दाखवणारं साधन मी त्यात बनवलं होतं. निळा बाण पुढे सरकतो, वळण आलं की आवाज सांगतो. पुण्यात वर्षभर त्यावर खपलो होतो. शिरूर कासारजवळच्या एका खेड्यातलं ऊसतोड कामगारांचं छोटं संग्रहालय ते पहिल्यांदा घेणार होतं. घेणार म्हणजे, "आमच्या गयाबाई हो म्हणाल्या तर हो," असं ते चालवणाऱ्या सरांनी कळवलं होतं. गयाबाई कोण, तर कुलूप उघडणाऱ्या बाई! मला ते तेव्हाच टोचलं होतं.

शिरूरच्या अलीकडे फाटा लागला. फोनातला नकाशा म्हणाला, सरळ जा. सरळ रस्त्यावर लाल चिंधी बांधलेली बाभळीची फांदी आडवी पडली होती. कुणाच्या तरी गाडीतून पडली असेल म्हणून मी ती बुटाने कडेला लोटली आणि पुढे गेलो. तीनेक किलोमीटरवर रस्ताच संपला. पुलासाठी सगळं खणून ठेवलेलं. फोन तरीही सरळच म्हणत होता. त्याला शिव्या घालत मागे फिरलो आणि फाट्यावरून डावीकडची वाट धरली.

संग्रहालय म्हणजे जुन्या गोदामातल्या चार खोल्या. कोयते, गाडीची चाकं, एक अख्खी कोपी (उसाच्या पाल्याची झोपडी). दारात साठीच्या गयाबाई उभ्या होत्या. त्यांचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दोन उंबरठ्यांवर त्यांनी पाचटाची (उसाच्या वाळल्या पाल्याची) पेंडी आडवी ठेवली होती.

"हे कशाला, मावशी?"

"त्या खोल्या मागून बगायच्या. आदी गाव, मंग गाडी, मंग कोपी."

"पण जायचं कुठे, ते कसं कळतं?"

"न्हाई जायचं ते बंद केलं, की ऱ्हायलं ते जायचं. कावून, कळंना का?"

कळलं होतं. म्हणूनच राग आला.

माझं साधन वापरून बघायला चौसाळ्याच्या बचत गटाच्या बाया अकराला येणार होत्या. टमटम आली तेव्हा बारा वाजत आले होते. पुढची बाई उतरताच करवादली, "गयाबाई, फाट्यावर फांदी न्हवती! आमी सरळ गेलतो, खड्ड्यापस्तोर!"

"आसं कसं? म्या सकाळी सोता टाकलती."

मग गयाबाईंनी मला समजावलं. तोडीला निघालं की पुढची गाडी फाट्यावर नको त्या वाटेवर फांदी टाकते. मागच्या गाड्या कुणाला न विचारता बरोबर येतात.

"मीच काढली," मी म्हणालो. अशा हसल्या सगळ्या!

बायांना परतायची घाई होती, तरी त्यांनी मी पिशवीतून काढून दिलेले फोन हातात घेतले. पत्र्याखाली सिग्नल मिळेना आणि निळा बाण जागच्या जागी गरगरायला लागला. दोघी-तिघी थांबून बघत राहिल्या. मग पेंडी दिसली आणि सगळ्याजणी बोलत बोलत योग्य दारातून गेल्या, फोन उलटा धरून. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. माझं वर्ष गेलं होतं, आणि त्या बाईने हे सकाळी झाडू मारता मारता केलं होतं.

टमटम गेल्यावर गयाबाईंनी भाकरी आणि ठेचा पुढे केला. ठेचाही लई झकास. त्याचाही राग आला.

"सर, तुमच्या फोनाला बंद वाट कळती का?"

"नाही."

"मंग आत्ता न्हाई. शिकवा त्याला, मंग या."

हे मला का सुचलं नाही, असं मनात म्हणत मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

परतताना फाट्यावर उतरलो. फांदी कडेलाच होती. ओढून रस्त्यावर आडवी टाकताना दोन काटे तळहातात घुसले. तेवढ्यात शिरूरकडे जाणारा एक मोटारसायकलवाला आला. त्याने वेग कमी केला नाही, मला काही विचारलं नाही. फांदी बघितली आणि डावीकडे वळला.

माझ्या बाणावर इतका विश्वास कुणीच ठेवला नव्हता. मी काटे काढत तिथेच थांबलो, आणखी कुणी येतंय का ते बघत.