सेकंड शिफ्टचा पहिला ड्रमर

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण कधी साधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचायचे. आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही, नवस नाही, उतारे नाहीत. अमुक झाडाखाली काहीतरी दिसतं असं कुणी म्हणालं, की माझे वडील त्याला त्याच झाडाखालच्या टपरीवर चहा पाजायला घेऊन जायचे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते तुम्हाला पटावं असा आग्रह नाही. मलाही ते पटलेलं नाही. घडलं तसं सांगते.

बँडचं नाव थोडं बदललं आहे, माणसांची पूर्ण. ओळखलंत तरी कृपया खाली लिहू नका.

"सेकंड शिफ्ट" हा बँड नाशिकचा, आमच्या सातपूरचा. चारही पोरांचे वडील एमआयडीसीत. वडील सेकंड शिफ्टला गेले की घरं मोकळी व्हायची आणि यांची प्रॅक्टिस सुरू व्हायची, म्हणून हे नाव. आज ते स्टेडियम भरवतात. माझा मोठा भाऊ मिलिंद त्यांचा पहिला ड्रमर होता.

तेव्हा बँडला कुणी ओळखत नव्हतं. हातखर्च निघावा म्हणून मिलिंद लग्नांतल्या बँजो पार्टीतही वाजवायचा. सिन्नरकडचं एक लग्न उरकून येताना टेम्पो उलटला. बाकीच्यांना खरचटलं. मिलिंद गेला. मग बँडमध्ये दुसरा ड्रमर आला, मग पहिला अल्बम, मग सगळंच. मुलाखतींमध्ये मिलिंदचं नाव येत नाही. मुद्दाम गाळलं असेल असं मला वाटत नाही... सांगता सांगता गोष्ट सुटसुटीत होत गेली असणार, आणि तिच्यात तो बसला नसणार.

वडील त्यानंतर फार जगले नाहीत. आई आणि मी सातपूरचं घर विकून इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो. मी एका पतपेढीत क्लार्क आहे. घरात मिलिंदचा विषय निघत नाही. बंदी वगैरे नाही, पण निघत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात मोबाईलवर जाहिरात दिसली – "सेकंड शिफ्ट वॉक : जिथे सगळं सुरू झालं". रविवारी सकाळी गाईड सातपूरमधून फिरवणार, बँड कुठे वाजवायचा, कुठे चहा प्यायचा ते दाखवणार. मी नाव नोंदवलं. का, ते नीट सांगता येणार नाही. राग नव्हता, उत्सुकताही नव्हती. कुठे त्याचं नाव येतंय का, एवढंच बघायचं होतं. आईला म्हटलं, ऑफिसच्या मैत्रिणीकडे चाललेय.

गाईड सौरभ नावाचा मुलगा होता, मूळ नांदगावचा, इथे शिकायला आलेला. कमरेला छोटा स्पीकर, तोंडाला माइक, आणि बोलणं अखंड. आम्ही दहा-बारा जण असू. बहुतेक कॉलेजची मुलं. माझ्या वयाची एकच बाई होती, सटाण्याहून मुलीसोबत आलेली. मुलगी फॅन होती. आई आपली मुलीवर लक्ष ठेवायला.

ज्या शेडमध्ये ते एकत्र वाजवायचे, तिथे सौरभने आम्हाला बराच वेळ थांबवलं. आता तिथे प्लायवुडचं गोडाऊन आहे. कोण कुठे उभं राहायचं ते त्याने दाखवलं. ड्रमरची जागा दाखवताना त्याने हल्लीच्या ड्रमरचं नाव घेतलं आणि म्हणाला की हा पहिल्या दिवसापासून बँडसोबत आहे. सगळ्यांनी फोटो काढले. मला अपमान वाटावा असंही काही वाटलं नाही... दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसं आतून सगळं.

तिथून सरळ मेन रोडला लागून चहाच्या टपरीवर जायचं होतं, तसं त्यानेच सांगितलं होतं. पण पिठाच्या गिरणीशी तो डावीकडे वळला. ती आमची गल्ली. मला वाटलं शॉर्टकट घेतोय. मग लक्षात आलं, तो बोलायचा थांबलाय. माइक खाली केलेला, स्पीकर बंद. मागे न बघता झपझप पुढे चाललाय. सगळे निमूट त्याच्या मागे.

तो आमच्या जुन्या घरासमोर थांबला.

घर ओळखू येण्यासारखं राहिलेलं नाही. वर मजला चढलाय, खाली ब्यूटी पार्लर आहे, रविवारी सकाळी त्याचं शटर बंद होतं. सौरभ त्या शटरकडे बघत उभा राहिला आणि साध्या आवाजात, घरातल्या कुणाशी बोलावं तसं बोलायला लागला. म्हणाला, इथे पहिला ड्रमर राहायचा. त्याच्याकडे ड्रम नव्हते, म्हणून तो घरातले पत्र्याचे डबे वाजवायचा. फरशी गुळगुळीत, डबे सरकायचे. मग त्याची धाकटी बहीण भिंतीला पाठ लावून बसायची आणि दोन्ही पायांनी डबे दाबून धरायची. तिने पाय हलवला की ताल पळायचा.

हे खरं आहे. वडील कंपनीत आणि आई अंगणवाडीच्या कामाला गेली की हे चालायचं. पिठाचा डबा रिकामा करून घ्यायचो, म्हणून आईपासून लपवलेलं. मी हे आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. डब्याचा थरथराट तळपायांतून गुडघ्यांपर्यंत यायचा, थोड्या वेळाने पायांना मुंग्या यायच्या, पण मी हलायचे नाही.

सौरभ वळला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, खाली, माझ्या पायांकडे बघितलं.

"बारके, पाय काढ. झालं आता," तो म्हणाला.

मिलिंद वाजवणं संपलं की हेच म्हणायचा. बारकी फक्त तोच म्हणायचा मला. आईवडिलांनी कधीच ते नाव घेतलं नाही.

नंतरचं सगळं फार साधं आहे. सौरभ एकदम इकडेतिकडे बघायला लागला. ओशाळून सगळ्यांना सॉरी म्हणाला, रस्ता चुकलो म्हणाला. स्कूटर पुसत असलेल्या एका माणसाला त्याने मेन रोड विचारला, स्पीकर चालू केला आणि पुन्हा त्याची बडबड सुरू झाली. मी पण सगळ्यांसोबत चालत गेले.

टपरीवर सटाण्याची ती बाई चहा घेऊन माझ्याजवळ आली. तिने हळूच विचारलं, "ताई, ती बहीण तुम्हीच का?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"तो पोरगा पाय काढ म्हनला आन् तुम्ही दोन्ही पाय मागं घेतले. म्या पाह्यलं ना."

मला ते आठवतच नव्हतं. तिला मात्र सगळं शब्दन् शब्द ऐकू आलं होतं – डबे, फरशी, बहीण. तिच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, गाईड काहीतरी पुटपुटत होता, मी रील बघत होते. बाकीच्यांना रस्ता चुकलो एवढंच माहीत.

मग मी सौरभला बाजूला घेऊन विचारलं, त्या घराबद्दल तुला कुणी सांगितलं?

"कुठलं घर, मॅडम?"

मी सांगितलं. गिरणीपाशी वळल्याचं त्याला आठवत होतं, स्कूटरवाल्याला विचारल्याचंही आठवत होतं. मधलं काही नाही. पहिला ड्रमर दुसराच कुणी होता हे त्याने माझ्याकडूनच प्रथम ऐकलं. मी तक्रार करणार असं वाटून तो घाबरला होता, परत परत सॉरी म्हणत होता. नाटक करणारा मुलगा तसा दिसत नाही. मी त्याला म्हटलं, काही नाही रे, चहा घे.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि वॉकचं, घराचं, डब्यांचं, सगळं सांगून टाकलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आईने मधे एकदाही थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे पिठाच्या डब्याला पोचे तुमच्यामुळे पडले होते. मी तुझ्या बाबांना बोल लावायचे."

मग हातातली मेथी खाली ठेवून तिने विचारलं, "आवाज कुणाचा होता?"

"त्या मुलाचाच."

"मिलिंदचा नव्हता."

"नाही."

तिने पुन्हा मेथीकडे मान वळवली. मला वाटलं विषय संपला. रात्री जेवताना म्हणाली, पुढच्या रविवारी माझंही नाव घाल.

गुडघे दुखतात तिचे, तरी ती चालली. गाईड सौरभच होता. मला बघून चरकला, पण आईची नीट काळजी घेत होता, उंच पायरी आली की हात द्यायचा. शेडमध्ये त्याने पुन्हा तेच नाव सांगितलं. आईने ऐकून घेतलं. गिरणीपाशी आल्यावर मात्र ती थांबली. सौरभ पुढे गेला होता, मागे वळून बघू लागला. आई त्याच्याकडे बघत राहिली... तो काही म्हणेल, वळेल, असं. सगळा ग्रुप उन्हात ताटकळला. सौरभने विचारलं, "आजी, दमलात का? बसायचं का जरा?"

आई म्हणाली, नाही, चल.

तो सरळ मेन रोडकडे निघाला. गल्लीत कुणीच वळलं नाही.

नंतर मी बऱ्याच शक्यता तपासून पाहिल्या. मिलिंदने डब्यांचं बँडमधल्या कुणाला सांगितलं असेल, त्यांच्याकडून ते फिरत फिरत इथवर आलं असेल. गायकाच्या जुन्या नंबरवर मेसेज केला, उत्तर नाही. वॉक चालवणाऱ्यांना विचारलं, बँडशी त्यांचं कधी बोलणंच झालेलं नाही. आणि समजा डब्यांचं कळलं, तरी ते नाव? माझ्याकडे बघून? कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी वाचेन. मला काही सुचत नाही.

एवढंच आहे की आता आई अधूनमधून मला बारकी म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचं तिलाही कळलं नाही. मी ओ दिली.