आत्याच्या गाडीतलं कुईंऽऽटक्

आमच्या आत्याला गाढ झोपेतून उठवलंत तर ती आधी "आरसा बघा" म्हणेल आणि मग विचारेल, "कोण आहे?" गेली बावीस वर्षं ती लोकांना गाडी शिकवते. एक गाडी, छपरावर एक पाटी आणि आत्या, एवढीच तिची शाळा. शिकणारा चालवायला बसतो, आत्या शेजारी. तिच्या पायाशी ब्रेकचं एक जादा पेडल आहे. एका गॅरेजवाल्याने लोखंडी दांडी टाकून ते मूळ ब्रेकला जोडून दिलंय. "नवरा नाही केला, हे पेडल केलं," असं ती सांगते, "दाबलं की ऐकतं तरी."

सवय अशी लागलीय की टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग चालू झाला की सोफ्यावर बसून ती फरशी दाबते. बाबांच्या स्कूटरवर मागे बसली तरी तेच. बाबा ओरडतात, "ताई, स्कूटर अशाने थांबत नाही गं!" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "मग तू नीट चालव."

तर या गाडीत चार महिन्यांपूर्वी आवाज सुरू झाला. डावीकडे वळलं की कुईंऽऽ, आणि वळण संपता संपता टक्. आत्या एकटी चालवायची तेव्हा गाडी गप्प. शिकवणी सुरू झाली की कुईंऽऽटक्. त्यातही हेडमास्तरांच्या वेळेला सगळ्यात जास्त. हे हेडमास्तर म्हणजे एकसष्ट वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक, आवाजाइतकेच नवे. गाडीशी ते वर्गात बोलावं तसं बोलतात. "आता आपण डावीकडे प्रस्थान करू. शाब्बास." आणि गाडी सरळ फुटपाथकडे प्रस्थान करते.

"बाई, हा ध्वनी माझ्यामुळे तर होत नाही ना?" त्यांनी एकदा घाबरत विचारलं.

"नाही हो सर. तुमच्यामुळे फक्त माझे केस पांढरे होतात. पुढे बघा!"

गाडीची वॉरंटी अजून चालू होती. बाहेर कुणी हात लावला तर ती जाते, म्हणून आत्या कंपनीच्या शोरूममध्ये गेली. मी सोबत. तिथे काचेचं दार, कॉफीचं मशीन, आवाज बंद केलेला टीव्ही, आणि टॅबलेट घेऊन एक तरुण सल्लागार. त्याचं नाव छातीवर लिहिलं होतं, पण आम्ही त्याला 'ॲक्च्युअली' म्हणतो. का, ते कळेलच.

"ॲक्च्युअली मॅडम, आवाज कसा येतो?"

आत्याने आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि भर शोरूममध्ये सुरू केलं, "कुईंऽऽऽ... टक्!" कॉफी पिणारे दोघे वळून बघायला लागले.

ॲक्च्युअलीने टॅबलेटवर बोट खालीवर फिरवलं. "ॲक्च्युअली सिस्टीममध्ये अकरा आवाज आहेत. खडखड आहे, घरघर आहे, शिट्टी आहे. कुईं नाहीये. 'इतर' टाकतो."

"टाका. पण मी शेजारी बसते, तुमच्या माणसाला चालवू दे. आत्ता ऐकू येईल."

"ॲक्च्युअली ट्रायलला कस्टमर अलाउड नाही. पॉलिसी आहे."

मग त्यांचा माणूस एकटाच गाडी घेऊन फिरून आला आणि म्हणाला, आवाज नाही. आवाज नाही म्हटल्यावर त्यांनी ब्रेकचे पॅड बदलले. नऊ हजार. "ॲक्च्युअली खूपच झिजले होते, मॅडम. इतके लवकर झिजत नाहीत." आत्या म्हणाली, "शिकाऊ लोक आहेत, झिजणारच."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी डावीकडे प्रस्थान केलं. कुईंऽऽटक्.

दुसऱ्या फेरीला सस्पेन्शनचं काहीतरी बदललं. चौदा हजार. वॉरंटीत? छे! वॉरंटीत म्हणे जे झिजतं ते येत नाही.

"मग येतं काय?" आत्याने विचारलं.

"ॲक्च्युअली जे झिजत नाही ते."

प्रत्येक फेरीनंतर एका मुलीचा फोन यायचा, मध ओतल्यासारखा. "आपला अनुभव दहापैकी कितीऽऽ?" आत्या म्हणायची, "दोन." मग पाच मिनिटांत ॲक्च्युअलीचा रडवेला फोन. "ॲक्च्युअली मॅडम, दहा द्या ना प्लीज, माझा पगार कापतात." दोन्ही वेळा आत्याने चरफडत दहा दिले. राग तिचा, पैसे तिचे, आणि दयाही तिनेच दाखवायची!

हे असं आणखी वर्षभर चाललं असतं, पण परवाना खात्याचं पत्र आलं. गुरुवारी इन्स्पेक्टर येणार, स्वतः गाडी चालवून बघणार, मगच शाळेचा परवाना पुढे चालू. मागच्या खेपेला पलीकडच्या चौकातली शाळा नुसत्या करकरणाऱ्या दारावरून नापास झाली होती. आत्याची एकच गाडी. ती नापास म्हणजे शाळेला कुलूप. त्या दिवशी जेवताना बाबांनी चुकून चमचा ताटावर वाजवला तर ती दचकून म्हणाली, "टक् कुठून आला?"

मंगळवारी तिसरी फेरी. ॲक्च्युअलीने टॅबलेट तिच्यासमोर धरला. "ॲक्च्युअली पूर्ण स्टिअरिंग बदलावं लागेल. अडुसष्ट हजार."

"आवाज तुम्ही ऐकलात?"

"ॲक्च्युअली नाही."

"न ऐकता अडुसष्ट? ऐकला असतात तर किती झाले असते हो?"

एवढं बोलून ती तरातरा बाहेर गेली, आपल्या गाडीत शेजारच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. मीही पटकन मागे घुसले.

"ॲक्च्युअली मॅडम, उतरा ना."

"उतरत नाही. लिहा त्या टॅबलेटवर, गाडी एक, आत्या एक. दोघी दुरुस्तीला आल्यात."

मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी ॲक्च्युअली घामाघूम होऊन चालवायला बसला. दिवसभर गाड्या विकणाऱ्यांच्यात वावरतो, पण चालवतो अगदी हेडमास्तरांसारखा. फाटकातून निघाला तो खांब थोडक्यात चुकवून. आत्या सुरू झाली, "आरसा बघा. क्लच सोडा, हळू. अहो हळू! डावीकडे घ्या."

कुईंऽऽऽऽ टक्!

"ऐकलंत?" आत्या अशी ओरडली की जणू लॉटरी लागली. "ऐकलंत ना? चार महिने मी वेडी होते काय?"

ॲक्च्युअलीने गाडी कडेला घेतली. त्याने डॅशबोर्डकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, आणि मग खाली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने तो शब्द वापरला नाही, "तुमचा पाय."

आत्याने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय त्या पेडलावर होता. गाडी उभी, तरी दाबलेला. तिने पाय उचलला. मग ठेवला आणि जरा हलवला. कुईंऽऽ. सोडला. टक्.

मी मागे ओढणी तोंडात कोंबून बसले.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "ती दांडी."

"ॲक्च्युअली हो."

"मग तिच्यात जरा तेल सोडा."

"ॲक्च्युअली ती दांडी आमच्या सिस्टीममध्ये नाहीये. बाहेरची फिटिंग. हात नाही लावू शकत."

आत्याने डोळे मिटले. मनात दहापर्यंत मोजत असावी. मग ती घरी आली, आजीच्या शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेतली, गाडीच्या पुढच्या भागात डोकं खाली, पाय बाहेर अशी आडवी पडली आणि दांडीच्या सांध्यावर चार थेंब सोडले. पेडल दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. "तेवीस हजार!" डॅशबोर्डखालून आवाज आला. "तेवीस हजार आणि चार थेंब!" आणि मग पॅड झिजल्याचं आठवून, जरा खालच्या पट्टीत, "त्यातले नऊ माझ्याच पायाचे."

गुरुवारी इन्स्पेक्टर आला. जाड मिशीचा, कमी बोलणारा. त्याने आधी गाडी उभी असताना ते पेडल चारदा दाबून पाहिलं. मग तो चालवायला, आत्या शेजारी, मी आणि हेडमास्तर मागे. हेडमास्तर धीर द्यायला आले होते आणि स्वतःच घामेजले होते. डावं वळण आलं. आम्ही तिघांनी श्वास रोखला. गाडी गप्प. दुसरं डावं वळण. गप्प. हेडमास्तर पुटपुटले, "शाब्बास."

पण प्रत्येक वळणाला गाडी आपोआप मंदावत होती. तिसऱ्या वळणावर इन्स्पेक्टर थांबला आणि आत्याकडे वळला.

"बाई, गाडी मी चालवतोय की तुम्ही?"

आत्याने पाय झटकन वर घेतला. "सवय हो साहेब. माफ करा."

त्याने कागद मांडीवर घेतला, शिक्का मारला आणि शेऱ्यात लिहिलं: 'जादा ब्रेक उत्तम. प्रशिक्षिका सतत वापरतात. पास.'

आत्याने कागद दोनदा वाचला. तेवढ्यात फोन वाजला, तीच मधाळ मुलगी. मंगळवारच्या भेटीचा अनुभव दहापैकी कितीऽऽ?

"कुईं," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवला.