उसनं सासर

मला हसण्याचा रोग आहे. आजचा नाही, जन्माचा. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींना शिंक आली आणि अंतरपाटाच्या अलीकडे मी खिदळले, तेव्हापासून सासरच्यांनी माझा नाद सोडला. त्यामुळे महाडच्या बायकांच्या मंडळात मला घेतलं तेव्हा अध्यक्षीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हे बघा, इथे येणाऱ्या बायकांनी फार सोसलंय. इथे दात काढायचे नाहीत."

आठ दिवसांत मला कळलं की त्या खोलीत सगळ्यात जास्त दात काढणाऱ्या त्याच होत्या.

खोली म्हणजे भाताची जुनी वखार. तांदळाच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची बायको, जिला सगळं गाव खाला म्हणायचं, तिने नवऱ्याच्या मागे लागून ती मंडळाला मिळवून दिली होती आणि वखारीबरोबर स्वतःलाही देऊन टाकलं होतं. अध्यक्षीणबाई म्हणजे वकिलांची बायको. तिसऱ्या सोनारीणबाई. चौथी मी, वय वर्षं बावीस. आम्ही घरोघर फिरून जुनी लुगडी मागून आणायचो आणि मंडळाच्या आसऱ्याला आलेल्या तिघी बायका त्यांच्या गोधड्या शिवायच्या. तेवढ्यावर त्यांची पोटं चालत, आजारपणाला वैद्य मिळे, आणि मुख्य म्हणजे दिवसभर बसायला एक जागा मिळे जिथून कुणी ऊठ म्हणत नसे.

मोठ्या लढाईच्या वेळी घाटावरच्या छावण्यांत घोड्यांसाठी गवत कापायला आमच्या भागातून पुष्कळ माणसं गेली. या तिघीही नवऱ्यांबरोबर गेल्या होत्या. तिथे शिपायांनी त्यांचं काय केलं ते त्यांतल्या एकीने आम्हाला एकदाच सांगितलं, तांदूळ पाखडता पाखडता, सूप न थांबवता. मग म्हणाली, "सांगितलं. आता पुन्यांदा इचारू नका." आम्ही विचारलं नाही. त्या दिवशी मीसुद्धा हसले नाही, आणि घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

ही गोष्ट तिचीच. ती पोलादपूरच्या वरची, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतली. नवऱ्याने तिला छावणीतून परतताना वाटेवरच टाकली आणि मुंबईला गिरणीत जाऊन दुसरी केली. ती माहेरी परत आली तर भावजयीने दार लावून घेतलं. त्याला बारा वर्षं झाली होती. कुंकू मात्र ती रुपयाएवढं लावायची. सोनारीणबाईंनी एकदा नको ते विचारलं, तर म्हणाली, "नवऱ्यासाठी नाय लावत, कपाळ माजं हाय म्हणून लावते." जीभ ही अशी! अध्यक्षीणबाई एक बोलल्या की ही दोन ऐकवणार. आणि स्वयंपाकात एवढी भोंगळ की वखारीच्या चुलीवर तिने शिजवलेला भात तळाला करपला नाही असा दिवस आठवत नाही.

त्या वर्षी गौरी जवळ आल्या आणि तिची जीभ गप्प झाली. टाके वाकडे पडायला लागले. आमच्या भागात गौरीला लेक माहेरी जाते, मग ती मुंबईत असो नाहीतर कुठे डोंगरात. बाजारात बायका तेरड्याच्या आणि माहेराच्याच गप्पा मारत होत्या. शेवटी एके दिवशी तिने सुई गोधडीत खोचली आणि सांगितलं, "वाडीचा मानूस बाजाराला आल्ता. त्याच्या हाती वहिनीला निरोप धाडल्ता, गौरीला येऊ का म्हणून."

"मग?" आम्ही चौघी एकदम.

"वहिनी बोलली, जिला सासर नाय तिला माहेर कसलं? सासरची मानसं घेऊन येतील तर ये."

असं म्हणून तिने सुई उपसली आणि पुन्हा शिवायला लागली. दार दुसऱ्यांदा लागलं होतं. आम्ही सगळ्या गोधडीकडे बघत बसलो. आणि मग, कपाळ माझं, मला हसू फुटलं.

"अहो, सासर पाहिजे ना? मग एवढ्या बसलोय आम्ही कशाला?"

अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर भस्म झाली असती. पण खाला आधीच मांडी सावरून बसली होती. "मी कोण होऊ?" तिने विचारलं. बस्स, त्यानंतर वखारीत जो गोंधळ झाला तो विचारू नका! अध्यक्षीणबाई सासू, त्यावर वाद नव्हता. सोनारीणबाईंना चुलतसासू व्हायचं नव्हतं, कारण चुलतसासूला साडी मिळत नाही. खालाला आत्येसासू केली. मी जाऊ. "थोरली का धाकटी?" "वयाने धाकटी, मानाने थोरली," मी म्हटलं, तर माझ्या पाठीत धपाटा बसला. धपाटा तिचाच होता, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

मग तालीम. अध्यक्षीणबाईंना मुलगा नव्हता, सून नव्हती, त्यामुळे सासूपणाचा काही सराव नव्हता. सराव होता तो भाषणाचा. सून सासूला शिकवत होती. "पाट दिला की लगीच बसायचं नाय. एकदा नको म्हनायचं. आनि गूळपानी दिलं की प्यायचं. सासू पानी न पिता उठली तर लेक परत न्यावी लागती."

इथे सगळं थांबलं. चवदार तळ्यावरून गावात जे झालं ते होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. कोण कुणाच्या हातचं पाणी पितं यावरून अजून घराघरांत तोंडं वाकडी होत होती, आणि आमच्या मंडळात सोवळं काही मेलेलं नव्हतं. तिच्या जातीच्या घरचं पाणी अध्यक्षीणबाई आजवर कधी प्यायल्या नव्हत्या. उगाच मोठेपणा कशाला सांगू? मीही घरी कधी सांगितलं नव्हतं की वखारीत मी खालाच्या घरचा चहा पिते. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघू." तिने मान डोलावली, पण तिचा चेहरा उतरला. पाणी प्यायलं नाही तर ती परत येणार होती, आणि मग जन्मात ती पुन्हा निरोप धाडणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

गौरी यायच्या दिवशी पहाटे खालाच्या घरच्या दोन गाड्या जुंपल्या. पोलादपूरपर्यंत गाडी आणि पुढे चिखलातून चालत. सोनारीणबाईंची एक चप्पल ओढ्याने नेली, तर त्यांनी दुसरीही "जा तू पण!" म्हणून मागे फेकली आणि मग दोन्ही चपलांच्या नावाने रडत चालल्या. खालाने पावसातही पान लावायचं सोडलं नाही. अध्यक्षीणबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पाठ करत होत्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

वाडीत बातमी आमच्या आधी पोचली होती. अंगणात वीस-पंचवीस बायका. भावाने तांब्या घेऊन आमच्या पायांवर पाणी घातलं. भावजय दारात उभी होती, एक हात चौकटीला, उंच आणि काटक बाई. कोण कोण आलंय ते मी सांगितलं. ही सासू, ही चुलतसासू, ही आत्येसासू. खालाच्या ओढणीकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं हो, डोंगरातली माणसं काय दुधखुळी असतात? पण निरोपात मागितलेलं सासर समोर उभं होतं, आणि आता पुढची चाल आमची होती.

पाट मांडला. अध्यक्षीणबाई "नको" म्हणाल्या. इथवर ठीक. आणि मग एवढ्या बायका समोर बघून त्यांची जुनी सवय उसळली. त्यांनी पदर खोचला, घसा खाकरला आणि सुरू केलं, "भगिनींनो! गेल्या महायुद्धात छावण्याछावण्यांतून ज्या असहाय स्त्रियांवर..."

अगं बाई गं! आमची सून खाली मान घालून उभी होती, आणि पदराचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. जे तिने सूप न थांबवता एकदाच सांगितलं होतं, ते आता भर अंगणात, तिच्या माहेरच्या दारात, भाषणातून बाहेर पडणार होतं. भावजयीचा चौकटीवरचा हात दाराच्या कडीकडे सरकला.

माझं तोंड माझ्या आधी बोललं. "ते राहू दे हो सासूबाई! आधी हिने काल भात करपवला ते सांगा!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"काल?" सोनारीणबाई म्हणाल्या. देव त्यांचं भलं करो. "परवाही! आणि त्याच्या आदल्या दिवशी! पातेलं घासता घासता माझे हात गेले!"

"घोरते किती!" खाला पानाचा तोबरा सांभाळत म्हणाली. "दुपारी जरा आडवी झाली की वखारीतले उंदीर पळतात."

अध्यक्षीणबाई तोंड उघडं ठेवून उभ्या होत्या. मी त्यांना कोपराने ढोसलं. आणि त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. भाषणाचा आवाज गेला आणि पोटातून खराखुरा सासूचा आवाज निघाला. "उलटून बोलते! मी एक सांगावं, हिने दोन ऐकवावीत! मोठ्यांचा मान नाही, बोलण्याला धरबंद नाही. तुम्ही मुलीला काही वळण लावलंत की नाही?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो इतका जोरात लागला.

"ओ सासूबाय!" भावजय चौकट सोडून अंगणात उतरली. "तोंड आवरा! आमच्या घरचं वळान काडायचं नाय! सात वर्साची व्हती तवापासून ह्या चुलीवर रांधलंय तिनं. तुमच्याकडं भात करपला आसंल तर तुमची चूल वाईट! उलट बोलती म्हने! बोलंल! का नाय बोलनार? आमची पोर हाय ती!"

आणि ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या कानांनी आत्ता ऐकलं होतं. भावाच्या हातातला तांब्या वाकडा होऊन त्याच्याच पायावर पाणी सांडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "भात मी खराच करपवला गो."

पहिली कोण हसली ते मला सांगता येणार नाही, आणि एकदा तरी ती मी नव्हते. सगळं अंगण हसलं. भावजय पदर तोंडात कोंबून हसत होती आणि डोळे पुसत होती आणि मध्येच नणंदेला मारत होती, "करपवलास? अजून करपवतेस? मेल्ये, अजून?" मारता मारता तिने तिचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. हात धरलेलेच होते, तेव्हा फुगडी आपसूक सुरू झाली. त्या दोघी अशा गरगरल्या की कोण कोणती ते कळेना. मग मी घुसले. मग कुणीतरी खालाला ओढली. ती "अगं, माझं पान, माझं पान" म्हणत गरगर फिरली. सोनारीणबाई अनवाणी होत्या त्यामुळे त्यांना कुणी हरवू शकलं नाही. मला घेरी आली आणि मी तेरड्याच्या भाऱ्यावरच बसले.

अध्यक्षीणबाई तेवढ्या पाटावर बसल्या होत्या. भावजय धापा टाकत आत गेली आणि गूळपाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. अध्यक्षीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग तांब्या घेतला आणि मान मागे टाकून घटाघटा सगळा संपवला. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. "गूळ कमी पडला," त्या म्हणाल्या. अस्सल सासू!

निघताना भावजयीने विचारलं, "न्यायला कवा येताय?" गौरी जाण्याच्या दिवशी, आम्ही म्हटलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बारा वर्सांनी आलेली लेक तीन दिवसांत कशी धाडू? पंधरा दिवसांनी या. आनि सासूबायला सांगा, तवा जास्त गूळ घालीन."

पंधराव्या दिवशी मी आणि खाला पोलादपूरला गाडी ठेवून वाडीत गेलो. तिची ओटी भरली होती, नवं लुगडं नेसवलं होतं, बरोबर नाचणीची पिशवी आणि दोन काकड्या दिल्या होत्या. आणि ती रडत होती. छावणीतलं सांगताना जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ती भावजयीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती, आणि भावजय तिच्या वरताण. वाडी सुटली तरी रडणं चालूच. ओढा आला, पोलादपूरला गाडीत बसलो, बाजार आला, माणसं वळून बघायला लागली, तरी ही चालूच. तेव्हा मला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या, पण ते तिला कुठे कळणार?

तिने मला गाडीतच एक रट्टा घातला.

"हसतेस काय गो जावबाय?" ती हुंदक्यातून ओरडली. "माहेर सुटतंय माजं!"