मायची वाकळ आणि मुलुंडची थंडी

मुलुंडला थंडी पडते, हे माझ्या आईला पटवून देण्यात माझा एक अख्खा जानेवारी गेला.

पटवणं भागच होतं. माय (आमच्याकडे आईला माय म्हणतात) मेहकरजवळच्या आमच्या गावी एकटी राहते आणि तिला दमा आहे. तिकडच्या थंडीत तिची छाती बाजाच्या पेटीसारखी वाजायला लागते. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, "हिवाळाभर यांना मुंबईत ठेवा. तिथं थंडी नसते." ते हे तिच्यासमोर बोलले आणि तिथंच सगळा घोळ झाला. कारण माझ्या मायला थंडी फार आवडते! सकाळचं कोवळं ऊन, शेकोटी, भाजलेल्या शेंगा, मांडीवर वाकळ आणि हातात सुई, यासाठी ती वर्षभर वाट बघते. थंडी नसलेल्या गावात हिवाळा काढायचा, म्हणजे तिच्या मते लग्नाला जाऊन उपाशी परत यायचं.

"विलास, माहं तिकीट काढ," आल्यावर आठवडाभरातच ती म्हणाली.

"अगं माय, पडेल ना थंडी. मुलुंडला पडतेच. मागे डोंगर आहे ना आपल्या. घाटकोपरचे लोक स्वेटर घालायची हौस भागवायला इकडे येतात!"

"खोटं बोलू राह्यला," माय म्हणाली. "पंखा सुरू हाये तुह्या डोक्यावर."

पंखा खरोखरच सुरू होता.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मायनं लोकांच्या शेतात निंदणं-खुरपणं करून मला शिकवलं. तिच्यासाठी काहीही करायची माझी तयारी असते. मी विचार केला, थंडी नसेल तर आपण तयार करू. एवढं शिकलो ते कशासाठी? एक दिवस रजा टाकून मी खिडक्या लावून घेतल्या, एसी अठरावर ठेवला, मायला कानटोपी दिली, शेंगा भाजल्या आणि मटार सोलायला घेतले. अर्ध्या तासात आमच्या हॉलमध्ये झकास थंडी पडली. माय शाल गुंडाळून बसली. गावच्या गोष्टी निघाल्या. सगळं छान जमून आलं होतं, तेवढ्यात माझी बायको सविता ऑफिसातून आली. (सविता जन्मानं घाटकोपरची. थंडी तिनं फक्त फ्रिजमध्ये पाहिलेली.)

"अरे यार, हे काय? घर आहे की आइस्क्रीमचं गोदाम?"

"थंडी आणलीये. मायसाठी."

"आणि दार उघडून मी काय..." पुढचं वाक्य शिंकेत गेलं.

दुसऱ्या दिवशी सविता आणि मी, दोघंही सर्दीनं आडवे झालो. जिला जपायचं होतं ती माय ठणठणीत! तिनं आम्हाला वाफ दिली, काढा पाजला, पाय चोळले आणि मग शांतपणे म्हणाली, "माह्यामुळं तुमचे हाल होऊ राह्यले. मी सोमवारी जाते." तिनं पिशवी भरून चपलांच्या कपाटाशेजारी आणूनही ठेवली. बोलण्यापेक्षा ती पिशवीच मला जास्त लागली. गावी जाऊन ती पुन्हा रात्ररात्र उशीला टेकून बसणार, हे मला दिसत होतं. पण मायला "जाऊ नको" म्हणून अडवणं म्हणजे धावत्या एक्सप्रेसला हात दाखवण्यासारखं.

"तू चुकतोयस," नाक पुसत सविता म्हणाली. "आईंना थंडी नकोय, काम हवंय. आपण दोघं दिवसभर बाहेर, त्या भिंतीकडे बघत बसतात. वाकळ शिवायला सांग ना त्यांना."

मी सांगितलं मात्र, मायचे डोळे चमकले. सविताच्या जुन्या सुती साड्या निघाल्या, माझे कॉलर फाटलेले शर्ट निघाले. वाकळ म्हणजे जुन्या कापडांचे थर एकावर एक अंथरायचे आणि जाड दोऱ्यानं धावते टाके घालत सगळे एकत्र बांधायचे. पण अंथरायचं कुठं? आमच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि आम्ही तिघं एवढंच मावतं. त्यातलंही कोणीतरी एक जण कायम उभं असतं.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो.

खाली अंथरायला मी सोसायटीची मोठी सतरंजी मागितली. कपाटाची किल्ली सेक्रेटरी परबकाकांकडे. परबकाका मूळचे मालवणकडचे. त्यांचा सोसायटीवर जीव आहे आणि सतरंजीवर थोडा जास्त.

"सांजेक सहाक सभा आसा गच्चीर," त्यांनी बजावलं. "पाचाक सतरंजी माका परत व्हयी. डाग पडता नये, भोक पडता नये."

"काका, भोक कशाला पडेल?" मी हसून म्हणालो. (हे मी हातात चार दाभणासारख्या सुया घेऊन म्हणालो.)

माय मात्र सतरंजी बघून नाराज झाली. "ही कायले आणली? खाली फरशीच बरी. सुई फरशीले टेकली का टक वाजते. मंग वर घ्यायची."

"अगं, फरशी गार आहे. तुझे गुडघे धरतील."

"गार हाये?" मायनं वाकून फरशीला हात लावला आणि तिचा चेहरा उजळला. "हाये की रे! म्हंजे इथं पडते थोडीशी."

त्या आनंदात सतरंजीचा विषय मागे पडला. मी ती अंथरली, वर साड्यांचे थर लावले आणि चौघं चार बाजूंना बसलो. चौथ्या म्हणजे समोरच्या घरातल्या जिग्नाबेन. त्या उंधियू द्यायला आल्या होत्या, पण मायनं त्यांच्या हातात सुई दिली. मायनं सुई दिली की नाही म्हणता येत नाही.

काय सांगू, फार सुखाचा दिवस होता तो! पाठीवर ऊन, डोंगराकडून येणारा गार वारा, थर्मासमध्ये चहा, मध्ये शेंगांचा ढीग. माय जिग्नाबेनना माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती.

"हा दहावीत असताना वाकळंत शिरून अभ्यास करे. मी म्हटलं, पोरगं लय शिकू राह्यलं. वाकळ उचलून पाह्यली त शेळीचं पिल्लू घेऊन झोपलेला!"

"अरे वा, विलासभाई!" जिग्नाबेन म्हणाल्या. "तरी पण पास झाला ना?"

"पिल्लू भी झालं असतं," माय म्हणाली. "पण त्याचं नाव शाळेत घातलं नव्हतं."

मी मान खाली घालून शिवत राहिलो. माझी बाजू म्हणजे वाकळेची लांब कड. सुई लोण्यात गेल्यासारखी चालली होती. टक नाही, अडथळा नाही. बाकी तिघी दर टाक्याला डाव्या हातानं कापड थोडं वर उचलून घेत होत्या. मला वाटलं, ही त्यांची जुनी पद्धत असेल. मी सरळ वरून खाली आणि खालून वर असे दणादण टाके घातले.

"माय, बघ माझे टाके! तुमच्यापेक्षा घट्ट आहेत की नाही?"

मायनं बोटानं टाका ओढून पाहिला. "लयच घट्ट बसू राह्यले बाप्पा," ती विचारात पडून म्हणाली.

ती शाबासकी आहे असं मी समजलो.

गप्पांत पाच वाजून गेले, उन्हं कलली आणि सहाला दहा मिनिटं असताना वाट बघून परबकाका वर आले. "सतरंजी?"

"ही घ्या, लगेच!" मी ऐटीत उठलो आणि वाकळ उचलली. वाकळेबरोबर सतरंजीही उचलली गेली.

"अरे, सतरंजी सोड ती!"

"मी वाकळ धरलीये काका, सतरंजी नाही."

"मगे ती वर कशी येता?"

त्यांनी सतरंजी आपल्याकडे ओढली, तर वाकळ त्यांच्याकडे गेली. मी वाकळ ओढली, तर सतरंजीबरोबर काकाही दोन पावलं माझ्याकडे आले. सविताची बाजू सुटी होती, जिग्नाबेनची सुटी होती. माझी लांब कड मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरंजीला अशी बसली होती, की दोघींचा जन्मच एकत्र झाला असावा.

"मेल्या!" परबकाकांचा आवाज फुटला. "तू सोसायटीची सतरंजी शिवलंस?"

"चुकून काका!"

"चुकान एक टाको पडता, दोन पडतत. तू तर ह्येंचो संसार मांडलंस!"

"वाट लागली," सविता पुटपुटली आणि कात्री शोधायला लागली. जिन्यावर सभासदांची पावलं वाजायला लागली होती.

"सरका सगळे," माय म्हणाली. "लेकरानं शिवलं, मी उसवते." ती रुबाबात उठली आणि तितक्याच रुबाबात परत खाली बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. तिचा पदर वाकळेत शिवला गेला होता!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही सवयीनं मान खाली घातली.

जिग्नाबेन वाकून टाके निरखत मायला म्हणाल्या (गुजरातीत आईला बा म्हणतात), "बा, हा तर तुमचाच हात आहे. एवढा बारीक टाका विलासभाईचा नाय."

मायनं पाहिलं. शेळीच्या पिल्लाची गोष्ट सांगण्याच्या नादात तिनं स्वतःचाच पदर सुबक, एकसारख्या टाक्यांनी वाकळेत बांधून टाकला होता. तिनं पदर ओढून पाहिला. मग तिला हसू फुटलं. मुंबईत आल्यापासून ती एकदाही अशी हसली नव्हती. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली आणि सविताच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसायला लागली. परबकाकाही हसणार होते, पण समोरून तिसऱ्या मजल्यावरचे दाते येताना दिसले आणि ते सावरले.

दाते म्हणजे आमच्या सोसायटीचा कायमचा विरोधी पक्ष. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत प्रत्येक ठरावाला विरोध करून घसा बसला की मगच ते घरी जातात.

"आता काय करू मी?" काकांनी डोक्याला हात लावला. मायचा पदर कसाबसा सोडवून झाला होता, पण माझी कड उसवायला वेळच नव्हता. "ऱ्हवांदे! आसा तशीच अंथरा."

सभासद आले आणि सतरंजीवर अख्खी वाकळ बघून बिचकले. आधी सगळे कडेकडेनं, पाहुण्यांसारखे बसले. मग सूर्य गेला, डोंगरावरून गार वारा सुटला आणि कोणीतरी हळूच पाय वाकळेखाली सरकवले. त्यांचं बघून शेजाऱ्यानं सरकवले. एक बाजू माझ्या टाक्यांनी पक्की असल्यामुळे वाकळ कितीही ओढली तरी जागची हलत नव्हती! (एवढं श्रेय तरी मला मिळायला हवं.)

"टाकीच्या दुरुस्तीला माझा तीव्र विरोध..." दाते उठायला गेले, पण पाय गरम झाले होते. त्यांनी वाकळ कमरेपर्यंत ओढून घेतली. "तीव्र म्हणजे... बोला, आधी तुम्ही बोला."

टाकी मंजूर झाली. पार्किंग मंजूर झालं. जिन्याच्या रंगावरून दरवर्षी मारामारीची वेळ येते, तो रंग शेंगा खाता खाता ठरला. दाते तोवर झोपले होते. परबकाकांनी सभेची वही मिटली. "माझ्या आख्ख्या सेक्रेटरीपणात अशी सभा मी बघूक नाय."

मी संधी साधून उभा राहिलो. "काका, माफ करा. उद्या सकाळी मी वाकळ उसवून घेऊन..."

"खबरदार!" काका ओरडले. "सतरंजी सोसायटीची. तिका शिवलेला सगळा सोसायटीचा. कोणाचो विरोध?"

दाते झोपेतून जागे झाले, "विरोध नाही" म्हणाले आणि परत झोपले.

झालं! मायची वाकळ गेली. मायला थांबवण्यासाठी जिचा खटाटोप केला, तीच हातची गेली, आणि सोमवार उद्यावर आला होता. मी घाबरून मायकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात बसली होती.

"बा, माझ्याकडे पण जुन्या साड्या आहेत," जिग्नाबेन म्हणत होत्या. "मला पण एक शिवायची. उद्या बसू?"

"उद्या माही गाडी हाये," माय म्हणाली.

"अरे, असं कसं? आम्हाला कोण शिकवणार?"

माय शेंगांची टरफलं गोळा करून उठली. घरी येऊन तिनं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गावी शेजारच्या गंगूबाईला फोन लावला. (फोनवर माय इतक्या मोठ्यानं बोलते, की फोन नसता तरी गंगूबाईला ऐकू गेलं असतं.)

"नाही येत वं बाई मी! इथं अडकली... नाही, तब्येत बरी हाये. पोराचं पाहा लागते. एवढा शिकला, कोट घालून फोटो काढला, अन् सुई कुठं थांबवावी हे त्याले समजत नाही! लोकाच्या वस्तू शिवून ठेवते. त्याले एक वाकळ नीट शिवता आली, का दुसऱ्या दिवशी गाडीत बसते."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं. डोळ्यांत काहीतरी गेलं असावं. मग मी मनाशी पक्कं ठरवलं, की आता दर रविवारी निदान एक तरी टाका मुद्दाम चुकवायचा, म्हणजे माय कुठं जात नाही. पदवीधर माणसाला एवढी युक्ती सुचायलाच हवी! पुढच्या रविवारी गच्चीवर बसलो, सुईत दोरा ओवला आणि दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मुद्दाम एक टाका चुकवायचा तर आधी एखादा तरी बरोबर यावा लागतो.