नावाचा तुकडा

माझ्या धाकट्या बहिणीनं, शोभानं, आज तिच्या नाचाच्या वर्गात पंखा उघडला आणि चंदनाचा तोच जुना वास आला.

जिंतूरच्या विहारात जपानहून आलेल्या हानाबाई आम्हाला पंख्याचा नाच शिकवायच्या. शोभाला तिथं मीच बोट धरून नेलं होतं. त्यांच्या परंपरेत गुरू तयार शिष्येला आपल्या नावाचा तुकडा देते. बाईंनी पंखा शोभाच्या हाती ठेवला आणि तिचं नाव ठेवलं, हानाए. मी घरी येऊन रडत बसले.

आई म्हणाली, "रडायलीस कशाला? लग्नात तुलाबी नवं नाव मिळंल की!"

मिळालं.

आज शोभानं माझ्या लेकीला आपल्या नावातलं 'हाना' दिलं. पोरगी पळतच आली. "आई, तुजं नाव कुणी ठेवलं गं?"

"तुज्या बापानं. ताटातल्या तांदळात अंगठी फिरवून."