आमच्या लोणचे मसाल्याच्या हिरव्या पाकिटांबद्दल

मित्रमैत्रिणींनो, लिहायला भीती वाटते आहे, पण हे आजच सांगायला हवं.

घाटनांदूरच्या आमच्या दुकानात लोणच्याचा मसाला सुटा विकला जायचा. माझे वडील, अण्णा, दळलेला मसाला कापडावर पसरून पूर्ण निवू द्यायचे. गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवून आधी वास घ्यायला लावायचे. मी धंदा त्यांच्याकडूनच शिकले.

यंदा हट्टाने मी पाकिटं बंद करायचं मशीन आणलं. मागणी वाढली तशी मसाला कोमट असतानाच पाकिटं भरू लागले. मला ती सुधारणा वाटली.

आज दुपारी गयामावशी आल्या. लोणचं विकून त्या एकट्या घर चालवतात. त्यांच्या सगळ्या बरण्यांना बुरशी आली होती. उरलेलं एक पाकीट त्यांनी माझ्यासमोर फोडलं. आत वाफ कोंडून मसाल्याचे ओलसर गोळे झाले होते.

“मावशी, घालायच्या आधी वास नाही घेतला?”

“कावून घेऊ? सुटा असता तर घेतला असता. तुझ्या पाकिटावर तारीख हाय, चित्र हाय. आता वरीसभर काय इकू मी?”

त्या गेल्यावर अण्णा म्हणाले, “गप ऱ्हा. बोभाटा केलास तर दुकान बसंल.” मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं.

मशीन आणताना मी मसाला निववणं काढून टाकलं आणि गिऱ्हाइकाचं पारखून घेणंही.

ही पाकिटं बीडलाही गेली आहेत. तुमच्याकडे असतील तर वापरू नका, परत आणा. ज्यांनी मसाला आधीच घातलाय, त्यांनी आज बरणी उघडून बघाल का? जे दिसेल ते मला खरं सांगा.